आगोट

शब्दाला दीड रुपया मिळायचा तेव्हा
कुकरच्या शिटीपासून विम्याच्या अटींपर्यंत
सगळं मी मराठीत आणलं,
निवतीच्या सड्यावर, काजूच्या बुंध्याला पाठ टेकून,
कारण नेटवर्कच्या दोन काड्या तिथंच मिळतात.
मग रुपया झाला. मग साठ पैसे.
परवा तेजश्रीची मेल आली
(पाच वर्षं झाली, आम्ही भेटलेलो नाही,
ती अजून मला डिअर म्हणते):
भाषांतर आता यंत्र करतं,
तुम्ही नुसती नजर फिरवायची. वीस पैसे.

फिरवली नजर.
बोटीच्या इंजिनाची पुस्तिका.
यंत्रानं लिहिलं होतं,
'चालू जोरात असताना नांगर टाकू नका.'
'चालू' खोडून मी 'प्रवाह' केला,
आणि घडीभर बरं वाटलं.
पुढची चाळीस पानं मात्र
खोडण्यासारखं काही सापडेना.
धास्ती बसली ती त्या चाळीस पानांची.

संध्याकाळी पुळणीवर भिकाजी गिरप
जाळं सांधत बसले होते, त्यांना सांगितलं.
सुई न थांबवता म्हणाले,
'पर्ससीनवाले इले, तेवां आमकाय असांच वाटलां.'
मगे?
'मगे काय. बांगडो गेलो, आमी रवलों.'
खरं तर सगळे नाही रवले.
त्यांचा थोरला आता मालवणात
पर्यटकांना पाण्याखाली नेतो.
बाप मासे धरायचा, मुलगा दाखवतो.
तो पैसे बरे मिळवतो, हेही खरं.

मे सरत आला. घराघरांतून आगोटीची बेगमी:
अंगणात सोलं, पत्र्यावर सुके बांगडे,
पडवीत लाकडं छपरापर्यंत.
समुद्र बंद होणार हे माहीत असतं,
म्हणून कुणी त्याच्यावर रुसत नाही.
माझ्या पडवीत काय आहे?
एक लॅपटॉप, एक तेजश्री,
आणि पंचेचाळीस दिवसांनी येणारे पैसे.
एका दोरीवर होडी बांधणाऱ्याला
इथं शेंबडं पोरसुद्धा हसेल.

वहीत लिहिलं: सहा महिन्यांचा किराणा आधी बाजूला.
लिहिलं: जे यंत्राला जमतं ते त्याला करू दे, भांडू नकोस.
तिसऱ्या ओळीवर पेन अडलं,
कारण त्याच रात्री दुसऱ्या एका कंपनीचं पत्र आलं.
समुद्राचे मालवणी शब्द हवेत, चार हजार,
आवाजासकट. रक्कम एकदाच,
नंतर हक्क नाही.
रक्कम मोठी होती. मी दोनदा शून्यं मोजली.

पण भांग म्हणजे केसांतला नव्हे,
अष्टमीच्या सुमाराला पाणी धड चढत नाही,
धड उतरत नाही, तो भांग,
हे मला तारामती केळुसकरणीनं सांगितलं होतं
मोरी कापता कापता, फुकट.
तिचा शब्द मी कुणाच्या नावावर विकू?

रापण ओढताना भिकाजी वाटे लावतात.
होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा,
आणि शाळेतनं येता येता
दप्तर पाठीवर ठेवूनच ओढायला लागलेल्या पोराच्या
हातावरही चार पेडवे.
'ज्येचो हात दोरयेक लागलो, त्येका वाटो.'

तेच मी कंपनीला लिहिलं, जरा साहेबी मराठीत.
प्रत्येक शब्दाखाली सांगणाऱ्याचं नाव.
यंत्र जितक्यांदा ओढेल तितक्यांदा वाटा.
आणि तपासायला मीच, तासावर,
वीस पैशांवर नाही.

नऊ दिवस झाले. उत्तर नाही.
कदाचित येणारही नाही; दुसरीकडे कुणीतरी
दोन शून्यं कमी घेऊन तयार असेल.
माझ्याकडे आठ महिने पुरतील एवढेही पैसे नाहीत,
सहा म्हटले होते, साडेतीनच निघाले.

होड्या वर ओढल्यात, झापांनी झाकल्यात.
भांग आहे.
वही घेऊन मी भिकाजींकडे गेले,
कंपनी येवो न येवो, शब्द तर लिहून ठेवू.
म्हणाले, 'आदी चाय घे, मगे सांगतंय,'
आणि सुईत दोरा ओवून
जाळ्याचं दुसरं टोक
माझ्या मांडीवर टाकलं.